खोडाखोडीसकट

सातपूरला मी पाच वर्षं ज्या घरात भाड्याने राहिले, तिथल्या मालक-मालकिणीचं भांडण मला रोज ऐकू यायचं, पण अर्धंच. "पालक काल झाला ना? आज बी पालकच?" असा काकूंचा आवाज जिन्याने वर यायचा. मग शांतता. मग, "तुमच्या आईच्या हातची चव मी कुठून आणू?" पुन्हा शांतता. समोरून चकार शब्द नाही. पहिल्याच आठवड्यात मी सटाण्याला आईला फोन करून सांगितलं की घर हवेशीर आहे, कंपनी जवळ आहे, फक्त मालकीण बाई भिंतीशी बोलतात.

एक दिवस वाटी परत द्यायला खाली गेले तेव्हा उलगडा झाला. पुढच्या खोलीत काका खुर्चीवर बसले होते. अंगात कारखान्याचा फिकट निळा शर्ट, निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली तरी तोच. समोर एक जाडजूड जुनाट कीबोर्ड आणि उजव्या हाताचं एकच बोट हवेत. भाजीवालीच्या टोपलीतून कारलं निवडावं तसं ते एकेक बटण निवडत होते. आणि स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर ठेवलेल्या छोट्या टीव्हीवर, मोठाली हिरवी अक्षरं एकामागून एक उमटत होती: मीठ कमी टाक. काकूंनी लाटणं हातात ठेवूनच मान वळवली, वाचलं, आणि पुढच्या खोलीच्या दिशेने ओरडल्या, "मग वरून घ्या!"

काकूंचे कान तिशीतच गेले होते, एका तापात. बोलणं शाबूत राहिलं, ऐकणं गेलं. त्यामुळे त्या बोलायच्या आणि काका लिहायचे. गल्लीला मात्र भांडणाची एकच बाजू ऐकू जायची, आणि गल्लीने काकांना केव्हाच गरीब गाय ठरवून टाकलं होतं. काका गरीब बिरीब काही नव्हते. त्यांची बाजू फक्त आवाज न करता चालायची.

ती यंत्रं म्हणजे ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर. कीबोर्डाच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर, आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा काकांनी दोन तिथून उचलले, पुढे भंगारातून आणखी तीन आणले. काका कारखान्यात मेंटेनन्सला होते, मशीनची कार्डं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कान गेल्यावर पहिले काही दिवस ते काकूंशी पाटीवर लिहून बोलायचे. पण पाटी घेऊन दर वेळी स्वयंपाकघरात जावं लागतं, आणि काकांना खुर्चीतून उठायचा जन्मजात कंटाळा. म्हणून त्यांनी दोन कॉम्प्युटर तारेने जोडले. इकडे बटण दाबलं की तिकडे अक्षर. एका आळशी माणसाने बायकोशी बोलायला बांधलेली ही लाइन तीस वर्षं चालू होती.

यंत्राला मराठी येत नव्हतं. काकांनी ग्राफपेपरवर आठ बाय आठ चौकटी आखून एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं. 'ळ' ला म्हणे पंधरा दिवस गेले. जोडाक्षरं काही त्या चौकटीत बसेनात, म्हणून त्यांनी जोडाक्षर असलेले शब्दच टाकून दिले. डॉक्टरला ते वैद म्हणायचे, स्वयंपाकाला रांधणं. मी एकदा काकूंना पाटीवर लिहून विचारलं की काकांनी कधी प्रेमाचं काही लिहिलं का. काकू म्हणाल्या, "त्याला बी जोडाक्षर लागतंय म्हणे." हसता हसता मला ठसका लागला. काका पुढच्या खोलीत पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते.

काकांना वेगाचं वेड होतं. स्वतः ते कमालीचे संथ. चपला घालायला त्यांना चार मिनिटं लागायची, आणि ती चार मिनिटं ते घड्याळावर मोजायचे. मनगटावर स्टॉपवॉच कायम. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर, नळाला पाणी आल्यावर बादली भरायचा वेळ, मी जिना उतरायचे तो वेळ, सगळं टिपलेलं. "मॅडम, आज एकवीस सेकंद. पाय दुखतोय का?" मी कंपनीत क्वालिटीला होते, दिवसभर गेज लावून लोकांचे पार्ट नापास करायचे, म्हणून मी त्यांची मॅडम. माझा पाय खरोखरच दुखत होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फुशारकीने महिनाभर जगू दिलं नसतं.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या तारेतून आलेलं होतं. "दोन मशीन एकमेकांशी बोलायची तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागलं पाहिजे," ते म्हणायचे. "नवशिका माणूस काय करतो, तोंडाला तोंड जोडतो आणि कानाला कान. मग दोघं बोलत बसतात, ऐकत कोणीच नाही." कॉलनीच्या मीटिंगला ते जायचे ते शेवटच्या रांगेत बसून हे पाहायलाच. परत आले की मला सांगायचे, "सगळी तोंडाला तोंडं जोडलेली, मॅडम. तार बदलायला पाहिजे." आणि दुसरं, "ऐकणाऱ्याला थांब म्हणता आलं पाहिजे. त्याची वेगळी तार असते. ती नाही जोडली तर बोलणारा बोलत सुटतो आणि ऐकणाऱ्याच्या हातून निम्मं सांडतं."

मोबाइल का नाही, असं मला सगळेच विचारतात. मीही विचारलं होतं. काकूंना मोबाइल घेऊन दिलेला होता, साधा, बटणांचा. त्यात त्या बोलू शकायच्या, पण अक्षरं मुंगीएवढी. मोठ्या पडद्याच्या मोबाइलवर त्यांचं बोट उमटायचंच नाही. चाळीस वर्षं भांडी घासून, पीठ मळून बोटांची टोकं इतकी कोरडी झाली होती की ती काच त्यांना जुमानत नसे. "मी दाबते तर ते म्हणतंय कोणी आलंच नाय," काकू म्हणायच्या. फळीवरचा टीव्ही मात्र चुलीपासूनही वाचता यायचा. त्यावर फोडणीचे शिंतोडे उडायचे, त्या पदराने पुसायच्या आणि पुढे वाचायच्या.

मग एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. मोरीत पाय घसरून काकूंचा घोटा मोडला आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आलं. पाय खाली टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती धावपळ करताना काकांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि बायपास करावी लागेल असं ठरलं. मधे नऊ दिवस होते.

मूलबाळ नव्हतं. काकूंचा भाचा ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला, तो रजा टाकून दवाखान्यात राहणार होता. काकूंजवळ मी आणि शेजारच्या बाई. माणसांची सोय झाली. पण काकांना वेगळीच काळजी. दहा-बारा दिवस ते दवाखान्यात, काकू घरात खुर्चीवर. काकूंचं बोलणं त्यांना फोनवर ऐकू येईल. त्यांचं बोलणं काकूंपर्यंत कसं पोचणार? तार तर पुढच्या खोलीपर्यंतच होती.

"मॅडम, लाइन लांब करायची," ते म्हणाले. "आणि नुसती लांब नाही. फास्ट."

दुसरा कोणी असता तर देवाचं नाव घेत बसला असता. काकांनी जेवणाच्या टेबलावर तारा डाकायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. बाजारात काड्यापेटीएवढी एक पट्टी मिळते, तिला वायफाय कळतं आणि जुन्या यंत्राशी ती मोडेम असल्यासारखी वागते. यंत्राने तिला फोन लाव म्हणायचं, तिने इंटरनेटवर हव्या त्या पत्त्याला लावायचा. काकांच्या मोबाइलनेही त्याच पत्त्यावर यायचं. ती पट्टी वेगाने बोलते. जुनं यंत्र सेकंदाला तीस अक्षरं घ्यायला शिकलेलं, कारण त्या कामासाठी त्याला वेगळी चिपच नव्हती. बिचारं एका हाताने पोळी लाटत दुसऱ्या हाताने अक्षरं झेलायचं. काकांनी सातपूरच्या एका भंगारवाल्याकडून बाद झालेल्या सीएनसी मशीनचं कार्ड आणलं, त्यातली एक चिप उपटली आणि काकूंच्या यंत्राला मागून जोडली.

"हिला सोळा अक्षरांची ओसरी आहे," ते मला भिंगातून दाखवत म्हणाले. "पाहुणे आले की ओसरीवर बसतील. मशीनला सवड होईल तसं एकेकाला आत घेईल."

"काका, तुम्ही दोन सेकंदाला एक अक्षर लिहिता. ओसरी कशाला लागते तुम्हाला?"

"रस्ता अरुंद ठेवला म्हणजे बैलगाडी वेळेवर पोचते का? आणि मी नसताना तिला पेपर नको वाचायला? जोडाक्षरं फोडून अख्खं पान एकदम पाठवीन."

पहिली पट्टी त्यांनी जाळली. जुनं यंत्र पाच व्होल्टचं, पट्टी साडेतीनही न सोसणारी, मधे व्होल्ट उतरवायचं कार्ड लावायला काका विसरले. बारीक धूर निघाला. काकूंना वास आला. "काय करपलं?" त्या आतून ओरडल्या. काकांनी हळूच लिहिलं: काही नाही. मग पुसलं, आणि लिहिलं: पाहुणा. दुसरी पट्टी मी माझ्या डोळ्यांनी, एकेक टाका तपासून जोडू दिली. सेकंदाला तीस अक्षरं म्हणजे यंत्राच्या हिशेबात तीनशेचा वेग; त्या तीनशेवरून बाराशे, बाराशेवरून चोवीसशे, असं करत सहाव्या दिवशी लाइन नऊ हजार सहाशेला पोचली. "बत्तीस पट," काका म्हणाले, आणि छातीला हात लावून खाली बसले. मी घाबरले. ते म्हणाले, "आनंदाने, मॅडम. आनंदाने."

तालीम म्हणून ते कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि बाकावर बसून मोबाइलवरून लिहू लागले. पहिल्या दिवशी निम्मी अक्षरं वाटेत सांडली, कारण थांब म्हणायची तार जोडायला तेच विसरले होते. लोकांना तीस वर्षं जे सांगितलं तेच. ती जोडली. दुसऱ्या दिवशी सगळं नीट आलं, आणि नुसतं नीट नाही, चकाचक आलं. एरवी त्यांचं एक वाक्य उमटायला मिनिटभर लागायचं, त्यात चार चुका, चार खोडाखोडी. आता पडदा रिकामा असायचा आणि अचानक पूर्ण वाक्य येऊन बसायचं, शुद्ध.

काका बाकावरून परत आले ते चार मिनिटांच्या आत, त्यांच्या मानाने धावतच. "बघितलं? मोबाइलमध्ये एक सेटिंग आहे. ओळ पूर्ण झाली की मगच पाठवायची. मी हवं तेवढं खोडतो, तिला दिसतच नाही. तीस वर्षं बिचारीने माझी घाण वाचली, मॅडम. आता तिला पक्का माल."

काकू पडद्याकडे पाहत होत्या. "हे असं धपकन का पडतंय?" त्यांनी विचारलं.

काकांनी पुढच्या खोलीत जाऊन अभिमानाने लिहिलं: वेग.

"मला नाय आवडलं," काकू म्हणाल्या. काकांनी ते ऐकलं, पण नव्या गोष्टीला काकू आधी नाहीच म्हणतात, हा त्यांचा अनुभव होता. मिक्सरलाही म्हणाल्या होत्या. त्यांनी मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नाही, आणि मी तर नापास करायचा पगार घेणारी.

ऑपरेशन झालं. दोन दिवस आयसीयूत फोन नव्हताच. भाचा मला फोन करायचा, मी काकूंसाठी पाटीवर लिहायचे. तिसऱ्या दिवशी काकांना वॉर्डात आणलं. चौथ्या दिवशी पहिली पाळी करून मी चार वाजता घरी आले, तर काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर, प्लॅस्टरचा पाय स्टुलावर, आणि ओट्यावर दुपारचं ताट झाकलेलं तसंच. सकाळची शुगरची गोळीही डबीत तशीच. पडद्यावर शेवटच्या तीन ओळी होत्या. मी बरा आहे. काळजी करू नको. वेळेवर जेवण कर.

मला हायसं वाटलं. मी हसून पडद्याकडे बोट दाखवलं.

"बस," काकू म्हणाल्या. "आणि मला खरं सांग. ते गेले ना?"

मी जोरजोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं, काका बरे आहेत, हे काय त्यांनीच लिहिलंय.

"हे त्यांचं नाय. हे भाचा लिहितोय."

मी लिहिलं, फोनवर त्यांना घरातलं काहीतरी विचारा, जे दुसऱ्याला माहीत नाही.

"विचारलं. आमची पहिली खोली कोणत्या गल्लीत होती ते विचारलं. बरोबर उत्तर आलं. बरोबर आलं म्हणूनच म्हणते. पहिल्या फटक्यात त्यांचं कधी बरोबर येतंय का?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते तिथेच विरलं. त्या सांगायला लागल्या, पडद्याकडे बघतच. बाप गेला तेव्हा त्यांना असाच निरोप आला होता. बरे हायेत, डोळे उघडलेत, तुला बोलवतात, ये. भाकरी बांधून घेऊन त्या दिंडोरीच्या एस.टी.त बसल्या. गावात शिरल्या तर दारात माणसं बसलेली. "आपल्याकडं असंच सांगतात," त्या म्हणाल्या. "बाई एकटी असली की आणखीच नीट सांगतात."

मग त्यांनी मला ते सांगितलं, जे त्या घरात पाच वर्षं राहूनही मला कळलं नव्हतं. काकांचं पहिलं अक्षर पडलं की ते थांबतात. रागात असले की एकच बटण दोनदा दाबलं जातं. खोटं बोलायचं असलं की आधी खरं लिहितात आणि मग पुसतात, आणि ते पुसण्याआधी काकूंनी वाचलेलं असतं. दुखत असलं की दोन अक्षरांमधे चहा उतू जाईल एवढा वेळ जातो. "मी ते वाचत नाय गं. मी त्यांना बघते. तीस वरीस मी इथं उभी राहून त्यांना बघत आले. आणि हे बघ." त्यांनी पडद्याकडे हात केला. "ही नोटीस हाय. ह्यात माणूस कुठं हाय?"

मी काय करावं? मी भाच्याने पाठवलेला फोटो दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोटोत काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, दातांची कवळी काढलेली होती आणि डोळे मिटलेले.

काकूंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग स्टुलावरचा पाय दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. "रिक्षा आण. मला जायचंय."

मी त्यांना धरून पुन्हा बसवलं. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, एक तास द्या. शेजारच्या बाईंना त्यांच्याजवळ बसवलं आणि गाडी काढली.

काका उशाला टेकून बसले होते. छातीशी एक उशी घट्ट धरलेली, खोकला आला की टाके ताणू नयेत म्हणून. शेजारी भाचा. मी एका दमात सगळं सांगितलं. उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर आलं म्हणून काकूंना संशय आला, हे ऐकून काका हसले, उशी दाबून कळवळले, पुन्हा हसले. मग मी ताटाचं सांगितलं. गोळीचं सांगितलं. पाय खाली ठेवला ते सांगितलं. त्यांचं हसू गेलं.

"व्हिडिओ कॉल लावते," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. "दात नाहीत. आणि चूक सेटिंगमध्ये आहे, मॅडम. तोंड दाखवून सेटिंग सुधारत नाही."

मला असा राग आला. "काका, ती बाई सकाळपासून उपाशी आहे. तुम्हाला सेटिंग सुचतंय?"

हाताला सुई टोचलेली होती, तो हात त्यांनी मोबाइलकडे नेला, पण सुईमुळे बोट नीट वळेना. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "तूच काढ. ती खूण." त्यांनी मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. मी 'ओळ पूर्ण झाल्यावर पाठवा' यापुढची खूण काढून टाकली. आता प्रत्येक बटण दाबल्याबरोबर निघणार होतं, चुकलेलं, पुसलेलं, सगळं.

"तीस वर्षं तिने मला असं बघितलं, आणि मी म्हणायचो, बिचारी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही. "घरी जा. तिच्याजवळ उभी राहा आणि फोन लाव. मग लिहितो. तू तिथे असल्याशिवाय लिहिणार नाही मी."

मी घरी पोचले तेव्हा काकू तशाच बसून होत्या. मी त्यांच्या मोबाइलवरून काकांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या हातात दिला. पडदा कोरा. कोपऱ्यात पुढच्या अक्षराची जागा दाखवणारा चौकोन लुकलुकत होता.

एक अक्षर आलं. क. थोड्या वेळाने गेलं. त्या जागी ग आला. मग काही नाही. मी मनात मोजायला लागले, काकांसारखी. नऊपर्यंत आले तेव्हा मात्रा आली. गोळ झालं, मग गोळी. मग घेतलस असं काहीतरी अर्धवट झालं, शेवटचं अक्षर पुसलं गेलं, दुसरं आलं, तेही पुसलं गेलं. अखेर ओळ झाली. गोळी घेतली का.

काकूंनी पदराचं टोक तोंडावर धरलं होतं.

खालच्या ओळीवर 'मी' आलं. त्याच्यापुढे 'आज' आलं आणि पुसलं गेलं. बराच वेळ नुसतं 'मी'. मग 'मी लय'. 'लय' पुसलं गेलं. मग 'मी'सुद्धा गेलं. पडदा पुन्हा कोरा, गोळीच्या ओळीखाली फक्त तो चौकोन. मला वाटलं लाइन तुटली. मी वाकून मोडेमचा दिवा पाहिला, तो चालू होता. पलीकडून फोनवर श्वास ऐकू येत होता, उशी छातीशी धरलेल्या माणसाचा. पण ते ऐकणारी मी एकटीच होते. काकू त्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहत होत्या, जिथे आता काहीच लिहिलेलं नव्हतं.

"कळलं," त्या फोनमध्ये म्हणाल्या. त्यांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मी बी लय भ्याले होते. झोपा आता."

मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तेच हायेत," त्या मला म्हणाल्या. "ताट वाढ."

मी दुपारचा भात गरम केला, आमटीला उकळी आणली आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आधी गोळी घेतली.